कोमल पंचम

बडोद्यात फत्तेगंजला, खोरशेदबाई अंकलेसरियांच्या हॉलमध्ये
पियानोच्या पायावर विश्वामित्रीच्या पुराची रेघ आहे, वीतभर वर.
त्या साली खालचे नऊ स्वर गेले
ते परत आले नाहीत.
पोटात डांबरगोळ्या. कधी एक पट्टी दाबली की दोन वाजतात.

मंगळवार, साडेचार. मी बँकेतून निवृत्त,
बोटं अजून नोटा मोजणारी.
आज वाजवायचं नाही, म्हणाल्या. आज पेन्सिल.
एका पानाचा तुकडा, चोवीस बार, एफ मायनर,
पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड गावात लिहिलेला.

उजवा हात जवळजवळ काही करतच नाही:
अंधारात चपला चाचपडणारे दोन स्वर.
चालतं ते डाव्या हातात.
कॉर्डमधलं एकच बोट अर्ध्या सुरानं खाली सरकतं,
बाकीची तिथंच,
झोपलेल्या मुलाच्या मानेखालून
हात काढून घ्यावा तसं.
दर बारला वाटतं, बदललं का काही? नाही बहुतेक.
आठव्यापर्यंत घर बदललेलं असतं.

मी खाली रोमन आकडे घालत गेले.
एक. पाच. एक. चार.
लेजरसारखं. सोळापर्यंत ताळा जुळला.
सतराव्यात डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट
आणि चौथा.

चौथी पट्टी पांढरी, कडेला पिवळी पडलेली.
माझ्या झेरॉक्समध्ये ती बी नॅचरल.
बाईंच्या कापडी बांधणीच्या जुन्या प्रतीत सी फ्लॅट.
मी दोन्ही वाजवून पाहिले, एकामागून एक,
मूर्खासारखी.

मग एफला सा धरला, अण्णा धरायचे तसा
दांडिया बाजारच्या खोलीत, पेटीवर.
बी म्हणजे तीव्र मध्यम. त्याचं तोंड पंचमाकडे,
अर्धं पाऊल राहिलेलं.
सी फ्लॅट म्हणजे कोमल पंचम.
कोमल पंचम?
अण्णांनी भाता मिटून घेतला असता.
बाकीच्यांना दाबा, चढवा, काय हवं ते करा, पोरी.
षड्ज आणि पंचम हलत नसतात.

"बोल नी डीकरा, क्यां जाय छे?"
बाई एवढंच विचारतात. नाव नंतर. आधी जातो कुठे ते सांग.
वर गेला तर सी मेजर, ओळखीचा रस्ता, पुढं घर.
खाली गेला तर जी फ्लॅट.
तिथं या पानावरचं कुणी राहत नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात ताटातल्या तांदळांत
अंगठीनं तीन अक्षरं लिहिली गेली.
तोवर मी पद्मजा. तिथून विशाखा.
दहावीच्या दाखल्यावर एक, पासबुकावर दुसरी,
दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर.
कुणीही कोणत्याही नावानं हाक मारली की मी वळायचे.
वळून कुठे जायचे, ते
बाईंना सांगितलं नाही. तास हार्मनीचा होता.

अठराव्या बारमध्ये दोन्ही प्रतींत एकच गोष्ट:
विराम, त्यावर भुवईसारखी कमान, कमानीखाली टिंब.
एकोणिसाव्यात पुन्हा एफ मायनर,
मधे काही झालंच नाही असा.
म्हणजे तो जातच नाही कुठे, मी म्हटलं.
बाईंनी गवती चहाचा कप पियानोवरून उचलला
(गोल डाग आहेत तिथं, पुष्कळ)
आणि सुजलेल्या बोटांनी सतरावा बार वाजवला. एकदाच.
हात काढून घेतला.

तीन स्वर थांबले.
चौथ्याचा डॅम्पर वाळवीनं खाल्लाय,
तो वाजत राहिला,
बाहेर कुणी स्कूटरला किक मारीपर्यंत,
आणि त्यानंतरही थोडा.

सतराव्याखाली मी आकडा घातला नाही.
देवनागरीत लिहिलं, कोमल पंचम,
खोडता येईल इतकं फिकट.
बाईंनी चष्मा वर करून वाचायचा प्रयत्न केला,
मराठी त्यांना येत नाही,
म्हणाल्या, अक्षर सरस छे.